मुकं कार्ड

सोमवार, ४ नोव्हेंबर

संताप! लॅपटॉपच्या कडेला कार्ड सरकवलं — काही नाही. काढलं, फुंकर मारली, पुन्हा सरकवलं — ढिम्म! परवापर्यंत दोन बीप व्हायचे, की समजायचं, ओळखलं. विणकामाच्या मशीनची केबल त्या कार्डातच बसते, या लॅपटॉपला तसं दुसरं पोर्टच नाही. म्हणजे डिझाइन मशीनला जाणार नाही, म्हणजे स्वेटर नाहीत.

दादा दारातूनच म्हणाला, "शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर मशीन भंगारात आणि कारखाना बंद." जणू कप विसळून ठेवायचाय!

मंगळवार, ५

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप दोन बोटांत धरून उचलला. "ही कुठली सिस्टम? नेहमीची टाका ना, मॅडम." अरे, नेहमीची टाकली तर बाबांनी लिहिलेला डिझाइनचा प्रोग्राम काय तुझा काका चालवणार?

मग बाबांना विचारलं. ही युनिक्सच्या जातीची सिस्टम त्यांनीच बसवली, मला बोट धरून शिकवली. तर म्हणे, "आता काही आठवत नाही गं." आठवत नाही! माझ्या शाळेतल्या स्वेटरच्या लोकरीची छटा बरी आठवते!

बुधवार, ६

कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, नवा घातला. मग जुना घातला. शून्य!

त्यात त्या दूरच्या कंपनीचा पुन्हा फोन. डिझाइन विभागातली जागा अजून रिकामी आहे म्हणे. बाबा शेजारीच बसले होते. मी म्हटलं, आमचा स्वतःचा कारखाना आहे, मला सवड नाही. वहिनी लगेच, "जा की! बाबांना आम्ही आहोत." सगळ्यांना मीच अडगळ झालेय.

गुरुवार, ७

तेच. डोळे चुरचुरतायत. कुणाशीही बोलायचं नाही.

शुक्रवार, ८

वहिनीच्या भावाचं, त्याच मापाचं नेटवर्कचं कार्ड आणलं. तेही मुकं! आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्ड जमलं नाही तर दुसरा बीप घोगरा येतो — पण येतो! इथे आवाजच नाही, म्हणजे आत कार्डाची दखल घेणारा प्रोग्रामच सुरू झालेला नाही. तो सुरू होतो स्टार्टअपच्या फाइलमधून. आणि तीच मी उघडली नव्हती. बाबांचा दंडक — चालत्या सेटअपच्या त्या फाइलला हात लावायचा नाही.

लावला. कार्डाची ओळ बंद! तिच्याआधी एक चिन्ह टाकलेलं, ते असलं की सिस्टम ती ओळ वाचतच नाही. असं चिन्ह आपोआप पडत नाही, कुणीतरी टाकावं लागतं. दादाला लॅपटॉपचं बटण सापडत नाही. ती फाइल बदलायला लागणारा मुख्य पासवर्ड दोघांनाच ठाऊक. एक मी.

जेवण गेलं नाही.

शनिवार, ९

सकाळी बाबांना विचारलं. नाकबूल केलं नाही. "त्या नोकरीवर जा म्हटलं असतं, तर गेली असतीस का तू? जन्मभर इथे माझ्या उशाशी बसली असतीस." मी ओरडले, तोंडाला येईल ते बोलले. ते चष्मा पुसत राहिले.

चिन्ह काढलं. दोन बीप, खणखणीत! दादा खाली भंगारवाल्याशी बोलतोय. मी अजून खाली गेलेले नाही.