दोन ओंजळी ब्राह्मी

ठमे,

कामावर निघतोय. तू रात्रभर वाचत बसली होतीस म्हणून उठवलं नाही. परवा तुझी परीक्षा, आणि काल म्हणालीस की डोक्यात काही शिरत नाही, आईचं तेल हवं होतं. ती गेल्यापासून ते घरात झालंच नाही, म्हणून पहाटे मीच करायला घेतलं. ओट्यावरच्या पातेल्यात आहे. पण ते डोक्याला लावू नकोस.

तिच्या वहीत लिहिलंय, 'दोन ओंजळी ब्राह्मीची पानं वाटून रस तेलात मंद आचेवर आटवणे.' मी तसंच केलं. कापसाची वात बुडवून पेटवली, तडतडली नाही, म्हणजे पाणी उडालं. तरी तेल काळपट, दाट झालंय. दाराला लावायचं पॉलिश म्हण. वासही तिच्या तेलाचा नाही.

लाकडात मला एका सुताचा फरक खपत नाही, आणि एवढी साधी गोष्ट पातेलं उतरवताना कळली. ओंजळ तिची होती. रंधा मारून रुंद झालेल्या माझ्या हातांत तिच्या दोन मावतात.

तू शोधत होतीस ती तिची बाटली माझ्या कपाटात आहे. तळाला बोटभर तेल आहे. ते मात्र मागू नकोस.

येताना ताजी पानं आणतो. तुझे हात तिच्यावर गेलेत. वजन करून लिहून ठेवू म्हणशील, ते नंतर. आधी सावकाश ओंजळ भर, मला बघायचीय.

बाबा