पाच फाउल

प्रिय आईस, सिद्धांतचा जयभीम.

मी बरा आहे. मेसमधली गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणीही आता आवडते. तुझा गुडघा कसा आहे?

तू विचारतेस, खेळायला मिळतं का. मिळतं. कोच दोन उंच पोरांना बास्केटखाली ठेवतात, ते बॉल टाकतात. तिसरा उंच मी. समोरचा उंच गडी भारी पडायला लागला की त्याला धक्के मारायला मला पाठवतात. पाच फाउल झाले की मी बाहेर. कोच म्हणतात, "तेरे फाउलां टीम के काम आते रे."

शनिवारी सिकंदराबादच्या मॅचमध्ये माझ्या धक्क्यानं एक पोरगा मनगटावर पडला. सगळे तेलुगूत ओरडत होते आणि तो कळवळून "आई गं" म्हणाला. मी त्याला उठवायला वाकलो, तेवढ्यात कोचनं शाबासकी देत मला बाहेर बोलावलं. मी गेलो.

हे दीपमालाला वाचून दाखवू नकोस, ती वर्गात भावाचा फोटो दाखवत फिरते.

आणि फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. उचलला की आधी "आई" म्हणावं लागतं, आणि मला त्या पडलेल्या पोराचाच आवाज ऐकू येतो.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझाच,
सिद्धांत