त्यांची मजुरी, माझा पगार

३ मार्च
शिसारी आली. सरकार म्हणे किमान वेतन वाढवणार! आमच्या लाँड्रीत (हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, मी सुपरवायझर) सकाळपासून मशिनं चालू आणि माणसं बंद. सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बातमी वाचतायत. ओरडलो, मजुरी वाढली तर लाँड्रीला टाळं लागेल! इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमचीही वाढेल की." काय हे अज्ञान! मजुरी हाताला मिळते. डोक्याला पगार असतो.
संकल्प: उद्यापासून या लोकांशी कामापुरतंच बोलायचं.

४ मार्च
मावशींशी तासभर वाद घातला. त्यांचा हात इस्त्रीवर चालूच. माझंच काम राहिलं.

७ मार्च
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "बसा" म्हणाले! खुर्चीवर फायली होत्या, म्हणून उभाच राहिलो. पण म्हणाले, हे महत्त्वाचं. वेतनवाढीवर सरकारी सुनावणी आहे. "मी बोललो तर लोकांना स्वार्थ दिसतो. तुमच्यासारखा नोकरदार विरोधात बोलला की वजन पडतं." अखेर कुणीतरी माझं वजन ओळखलं.
घरी सांगितलं. दाढ दुखते म्हणून ही एका बाजूने जेवत होती. म्हणाली, "त्यापेक्षा स्वतःचा पगार वाढवून मागा. दाढ तरी काढून घेईन." अर्थव्यवस्थेचा विषय चालू असताना दाढ! वीट आला या घराचा.

१० मार्च
भाषणाची प्रॅक्टिस, बॉयलरसमोर. आवाज कमवायला बरं. तेवढ्यात पांढऱ्या चादरींत लाल टॉवेल गेला. सगळा गठ्ठा गुलाबी. टॉवेल मीच टाकला, पण चूक धुलाईवाल्याची. मी विचारात असताना त्याने मला थांबवायला नको?

१४ मार्च
सुनावणी. काय बोललो! "आहे त्या पगारात माणूस सुखाने जगू शकतो, मी स्वतः उदाहरण आहे!" टेबलामागच्या अधिकारी बाईंनी चष्मा काढून विचारलं, तुमचा पगार किती? खासगी बाब आहे म्हणालो. सोडेनात. सांगितला. बाईंनी विचारलं, "महिन्याचा?" मग लिहून घेतला. मालक स्वतःच्या बुटांकडे बघत होते. भारावले असावेत.

२५ मार्च
वेतनवाढ मंजूर. पेपर वाचून लांब भिरकावला. सुनावणीत एका लाँड्रीच्या सुपरवायझरची अवस्था ऐकून म्हणे समितीचे डोळे उघडले. कोण हा दळभद्री? दुसऱ्या कुठल्या तरी लाँड्रीचा असणार. आमच्या सगळ्या लाईनची अब्रू घालवली.
मावशींनी चहा पाजला. "तुमच्यामुळे झालं, साहेब." टोमणा असेल. चहा घेतला.

२८ मार्च
प्रमोशन!! मॅनेजर! मालकांनी पत्रच हातात ठेवलं. मॅनेजरला किमान वेतनाचा कायदा लागत नाही, म्हणाले. म्हणजे मी आता कायद्याच्याही वर. पगार तोच. साबणाच्या खोलीत टेबल टाकून दिलंय. शिंका थांबत नाहीत.
हिने अभिनंदन केलं नाही. "म्हणजे तुमच्यापेक्षा मावशींना जास्त मिळणार," एवढंच. कोत्या मनाची माणसं.

३० एप्रिल
नव्या दराचा पहिला पगार. वाटप माझ्याच हातून. धुलाईवाल्याचं पाकीट माझ्यापेक्षा जाड. झाडूवाल्याचंही. हातात घेतलं की कळतं. किळस आली. कुणाची, ते मात्र कळेना.
त्यात घड्या घालणारी बाई गावी निघून गेली. घरी बोलता बोलता सांगितलं. हिने विचारलं, त्या कामाचे किती मिळतात? सांगितले. हिने बोटांवर हिशेब केला. आकडा झोंबला असेल. मला झोंबलाच होता.

२ मे
रात्रभर विचार केला. पद, खुर्ची, सगळी माया. मालकांना जाऊन म्हणालो, मला मॅनेजरकीचा मोह नाही, घड्या घालायच्या जागेवर घ्या. मालक मान वर न करता म्हणाले, "ती जागा सकाळीच भरली. मावशींनी कुणी बाई आणल्यात."
खाली गेलो. घड्यांच्या टेबलाशी ही. बाह्या सरसावलेल्या, चादरीची दोन टोकं हातात. समोरची दोन मावशींकडे. नव्या माणसाला शिस्त समजावणं मॅनेजरचं काम, म्हणून घसा खाकरला.
ही म्हणाली, "साहेब, जरा बाजूला व्हा. मधे येताय."
झालो.