वरची खोली, छतासह

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी सकाळीच तपासून सांगितलं. थोरल्याला शंका आली तर त्याने त्यांना विचारावं.

१. माझं घर दुमजली आहे, कागदावर मात्र एकमजली. वरच्या खोलीला भिंती, दार, खिडकी सगळं आहे, फक्त छत नाही. आमचे हे गवंडी होते. भिंती उभ्या राहिल्यावर यांना कळलं की छत घातलं की घरपट्टी वाढते. राहू दे थोडे दिवस, म्हणाले. हे गेले, ते थोडे दिवस अजून चालूच आहेत.

समोरच्या घड्याळजींनी चुगली केली, तेव्हा करनिरीक्षक फीत घेऊन आले. खोली कुठे आहे साहेब, वर बघा, असं हे त्यांना म्हणाले. साहेबांनी वर बघितलं आणि बघतच राहिले. एक ढग या भिंतीवरून त्या भिंतीवर सावकाश गेला. मग त्यांनी फीत गुंडाळली, पाणी प्यायले आणि गेले.

त्या खोलीत मी आयुष्यभर शिवलं. उन्हाचा चौकोन सकाळी दारापाशी असायचा, दुपारी माझ्या मांडीवर, संध्याकाळी भिंत चढून निघून जायचा. पाखरं कापडावर काड्या टाकायची. कधीकधी कळायचं नाही की मी कापड शिवते आहे की वरचं निळं. मी तिथे फार सुखात होते.

२. संसार मोडून आल्यापासून धाकटी त्याच खोलीत ताडपत्रीखाली झोपते. थोरला वाईट नाही, हिशेबी आहे. वस्तीचे भाव चढले, घरपट्टी दुप्पट झाली, तेव्हा घर विकून मोकळं होऊ म्हणाला. मी धाकटीच्या खोलीचं विचारलं.

"आई, कागदावर वर काहीच नाही," तो म्हणाला. "जे नाहीच, ते तिला देणार कसं?"

धाकटी ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होती. तिने ऐकलं आणि गाठ मारत राहिली. ते माझ्या फार जिवाला लागलं.

३. म्हणून छत घालायला घेतलं आहे. सळया येऊन पडल्यात, उद्या माणसं येतील. खोलीची आकारणी वेगळी होईल, बिलही वेगळं येईल. वरची खोली, छतासह आणि जिन्यासह, धाकटीची. खालचा मजला थोरल्याचा, विकायचा तर विकावा. माझ्या ठेवीचं व्याज वरच्या घरपट्टीसाठी.

मशीन आणि कात्री धाकटीला. त्या कात्रीने कागद कापू नये. यांचा ओळंबा थोरल्याला. वडिलांच्या भिंती किती सरळ आहेत, हे त्याने एकदा लावून बघावं. शिडी घड्याळजींना. इतकी वर्षं मान उंचावून दमले असतील बिचारे.

४. मशीनच्या वर छतात एक काच बसवायला सांगितली आहे. ती काढू नये. तिची घरपट्टी किती, असं साहेबांना विचारलं, तर म्हणाले, उजेडाला अजून दर लागलेला नाही.

५. घर यांनी माझ्या नावावर करून दिलं, पण बिलावर यांचंच नाव राहिलं. हे गेल्यावरही पैसे मी भरायचे आणि पावती यांच्या नावाची. माझं नाव एकाही पावतीवर आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आज ताडपत्री काढून टाकली आहे. दिवस मावळतोय. धाकटी शेजारी पडून वर बघते आहे आणि काय लिहितेस म्हणून विचारते. सांगितलं नाही.

धाकटे, बिल आलं की आकडा नंतर बघ. आधी नाव वाच. मोठ्याने वाच.

सही केली, चष्मा लावून.

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई.
२. करनिरीक्षक, निवृत्त. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असं ते स्वतःच म्हणाले. तरी सही करून झाल्यावर थोडा वेळ वर बघत बसले.

ठिकाण: वरची खोली, अजून उघडी.
दिनांक: ३ एप्रिल.