खरबीची पिल्लं

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की माशांची काचेची टाकी म्हणजे काय, इथपासून तुला सांगायला हवं. रत्नागिरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी ती आहे. आपल्या घरामागच्या व्हाळात, वाहत्या पाण्यात पंचा धरून तू खरब्या पकडायचीस ना, तसल्याच माशांची एक जोडी मी पावसाळा सरल्यावर संगमेश्वरला जाऊन आपल्या त्याच व्हाळातून आणली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दोन खरब्यांचं कालवण कुणाला पुरायचं गो?"

मातकट रंग, मोठं तोंड, दिवसभर दगडाला टेकून बसणार. दुकानातले रंगीत मासे सोबतीला सोडले, तर तेच फस्त केले. मग एकदा नराने खाणं सोडलं. वाकून बघते तर आडोशाला म्हणून टाकीत ठेवलेल्या करवंटीच्या आत अंडी चिकटलेली, आणि तो परांनी त्यांना वारा घालतोय. मादीलाही जवळ येऊ देईना. पिल्लं निघाली, अगदी धुळीसारखी. मी अंड्याचा बलक कालवून घातला, पाणी बदललं, तरी सगळी मेली. तुझ्या नातीने मोबाइलवर शोधून सांगितलं, "आई, ह्यांची पिल्लं वाहत खाडीला जातात. तिथे वाढून मग गोड्या पाण्यात परत येतात. घरात ठेवून नाही जगायची ती."

ते ऐकलं आणि मी पुन्हा एसटीच्या दारात उभी. चौथी झालीय, मावशीकडे शाळेला निघालेय, दांडा धरून रडतेय. तू खालून म्हणतेस, "रडतेस काय गो? हितं ठेवून तुझं मी काय करू?" तुला मी नकोशी झाले, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

पुन्हा अंडी धरली तेव्हा नर, मादी, करवंटी, सगळं बादलीत घालून मी आपल्या व्हाळावर नेलं आणि सोडलं. नर करवंटीतून हलला नाही. पाणी त्याच्या अंगावरून खाली नदीकडे जात होतं. मी काठावर बसून राहिले. एसटी गेल्यावर तू घरी कशी परतलीस, हे विचारावंसं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

विचारायला तू नाहीस, आणि हा कागद कुठे धाडणार? टाकी मात्र अजून चालू आहे, दिवा आणि पंपासकट. पाणी मुरून माशांना सोसेल असं होऊ दे, मग नवे मासे आणू, असं मी घरात सांगितलंय. खरं म्हणजे ती बंद करायला माझा हात होत नाही.