गुळाचा खडा आणि खोकल्याचा रकाना

आई, काल वर्गात मी विचारलं, कारखान्यातल्या एखाद्या पदार्थानं माणसाला अपाय होतो की नाही हे ठरवायचं असेल तर आधी कुणाला मोजाल? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "तिथं कामावर असलेल्यांना." मी ते खडूनं फळ्यावर लिहिलं. मीही एकदा एवढंच शहाणपण घेऊन तुझ्यापुढं बसले होते.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी, निपाणीत, तू कामाला होतीस त्या वखारीत. तंबाखूच्या धुळीनं बायकांना खोकला लागतो का, याची पाहणी आली होती आणि बेळगावच्या कॉलेजातून फॉर्म भरायला आलेल्या मुलींत मी होते. नियम साधा: हजर असेल तिलाच विचारायचं, ती सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. मला त्या नियमाचा भारी तोरा. तुम्ही तंबाखू चाळायचं सोडून ओळीनं येताय, पदर नाकावरून खाली घेताय, आणि मुकादम माझ्या खुर्चीमागं उभा आहे. "खोकला?" "न्हाय." पुढची, "न्हाय." सगळ्यांचा एकेक गाल फुगलेला. धुळीवर उतारा म्हणून तुम्ही गूळ चघळायचात, पण त्या दिवशी खडा धरला होता तो मुकादमासमोर ढास लागू नये म्हणून. खोकणारीला तो दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे.

मग तू आलीस. मी परक्यासारखं विचारलं, "खोकला आहे का?" माझ्याकडं न बघता तू म्हणालीस, "न्हाय, बाई." डोळ्यांत पाणी आलेलं, छाती आतल्या आत उचलत होती. मी रकान्यात 'नाही' लिहिलं.

घरी चुलीपुढं तू मला झापलंस, तेही खोकत खोकत. "एवढी शिकलीस, आन ज्या खोकून खोकून अंथरुणाला लागल्यात त्यास्नी कोण इचारणार गं? त्या वखारीत कशा गावतील?"

"नियमच तसा आहे," मी म्हणाले. तू भाकरी थापत राहिलीस.

अहवाल आला. धुळीनं अपाय होतो असं म्हणायला पुरावा नाही. भिंतीला झरोके पाडा म्हणून सांगायला गेलेल्या बायकांना मालकानं तोच कागद दाखवला. काही वर्षांनी तू गेलीस, शेवटी तर दोन शब्दही सलग बोलता येत नव्हते तुला. धुळीनंच गेलीस असं मी आज म्हटलं, तर माझेच विद्यार्थी विचारतील, पुरावा कुठाय? मीच शिकवलंय त्यांना तसं विचारायला. आणि आहे तो पुरावा माझ्याच अक्षरात, तुझ्या विरुद्ध. कुठूनही सुरुवात केली तरी मी त्या खुर्चीवरच येऊन बसते.

घरोघरी जा, काम सुटलेल्यांना शोधा, असं मी वर्गात सांगते. तुझं उदाहरण मात्र देत नाही. हे पत्रही कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. 'नाही' लिहिलं ते नियमासाठी, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर तेव्हा नियम मला आठवलाही नव्हता. 'आहे' लिहिलं असतं तर तुझं काम सुटलं असतं, आणि त्यापाठोपाठ माझं कॉलेज.