उन्हात लावायची क्रीम

साखरा तांडा, ता. सेनगाव
३ मार्च २०२५

चि. सौ. मिनास,
वहिनीचे अनेक आ. जय सेवालाल. आमी सगळे खुशाल हावोत, माझं तोंड सोडून.

फोन केला असता, पण तुझे दादा फोन स्पीकरवर टाकल्याबिगर बोलत न्हाईत आणि मग सगळा तांडा ऐकतो. म्हणून आमच्या रणजीतच्या हाती हे पत्र. पोरगं आळशी, वाचणार न्हाई.

शितल पोलीस भरतीसाठी सकाळ-संध्याकाळ रस्त्यानं पळून राहिली. उन्हानं पार काळवंडली. त्यात १६ तारखेला औंढ्याचे पाहुणे तिला पाहायला येऊन राहिले. मी बाजारातून एका बाईकडून गोरं व्हायची क्रीम आणली. लेकीला लावायच्या आधी पारखावी म्हणून स्वतःला लावली. खरं सांगू? पारखायला एकदाच लावली, पुढं पंधरा दिवस नुसत्या हौसेनं. तोंड असं उजळलं की मी आरशापुढून हलेना. मग दिवसभर हरभरा काढायला गेले. घरी आले तर तोंड लाल, सुजलेलं, नुसती आग. तुझ्या दादांनी दारातच विचारलं, कोण पाहिजे बाई?

आता तू औषधाच्या दुकानात असतेस तर सांग, पोरीला कोणती लावू? गोरं करणारी, पण न भाजणारी. लोभ हायच, माझं हे तोंड पाहून तो कमी करू नको.

तुझी,
रूपावहिनी

हिंगोली
५ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
मिनाचा शि. सा. न. वि. वि.

दादांचा प्रश्न वाचून भर दुकानात हसले, मग काळजी वाटली. ती क्रीम आजच बंद करा. ट्यूब घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे जा. असल्या क्रीममध्ये कडक औषध असतं. कातडी पातळ होते, मग ऊन सोसत नाही. शितलला अजिबात लावू नका.

सनस्क्रीन वेगळी. ती गोरं करत नाही, ऊन अडवते, एवढंच तिचं काम. एसपीएफ तीस किंवा वर हवं आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं, म्हणजे भाजणारे आणि काळवंडवणारे दोन्ही किरण अडतात. शितलला घाम फार, म्हणून घामात टिकणारी, जेलसारखी घ्यावी. महाग तीच चांगली असं नाही, हे मी दुकानात बसून सांगतेय. रणजीतकडे एक पाठवते. दोन बोटांवर मावेल एवढी तोंडाला आणि मानेला, निघायच्या वीसेक मिनिटं आधी. उन्हात राहिली तर दोन तासांनी पुन्हा. टोपी तरीही हवीच. आणि नीट चोळा. पहिल्यांदा मी चोळलीच नाही, दिवसभर गिरणीतून आल्यासारखी गल्ल्यावर बसले होते.

रागावू नका, पण पोरीला पळायचं आहे, गोरं काहून व्हायचं? माझ्यावरची माया आहे तशीच ठेवा.

आपली,
मिना

साखरा तांडा
१७ मार्च २०२५

चि. सौ. मिनास,
अनेक आ. वि. वि. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. आता सूज उतरली, सालपटं निघून राहिलीत.

काल पाहुणे आले. मुलगा गुणाचा, मला आवडला. पण त्याची आई म्हणाली, लग्नानंतर पळणं सुटलं की रंग आपोआप निवळेल. तुझे दादा माझ्याकडं पाहू लागले. मिना, महिन्यापूर्वी मीच व्हय म्हणाले असते. काल मात्र तोंडातून निघालं की पळणं सुटणार न्हाई, आणि रंग उजळायला गेलेली बाई तुमच्यासमोरच बसली हाय. पाहुण्यांनी चहा संपवला आणि चपला घातल्या. चारच्या सुमारास फोनवर नकार आला.

मला वाटलं, शितल आत रडत असेल. आत गेले तर ती पळायला गेलेली आणि तुझी ट्यूब फळीवरच. ऊन अजून कडक. मी ट्यूब घेतली, पदर खोचला आणि निघाले तिच्यामागं पळत. शेजारची नीलाबाई वट्यावरून ओरडली, काहून पळून राहिलीस, काय झालं? सांगायला दम कुठं होता? शितलनं वळून पाहिलं, तशी जागीच थांबली. विचारलं, आई, मला परत न्यायला आलीस? मी म्हणाले, न्हाई, तोंड पुढं कर.

तिनं लहान लेकरागत डोळे मिटून तोंड पुढं केलं. भर रस्त्यात मी दोन्ही गालांना, मानेला निवांत क्रीम चोळली. किती वर्षांनी पोरीचं तोंड असं हातात धरलं. मग ती हसली आणि पळत सुटली. मला घरी आणायला मात्र रणजीतला मोटारसायकल काढावी लागली.

सवड काढून ये, आमची आठवण असू दे.

तुझी,
रूपावहिनी